आजोबांचे भाऊ १९५८ ला का नाही आले? (अमेरिकेतलं साठचं दशक)

सई_अंगणातली

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, शाळेत 'आपलं कुटुंब या देशात कसं आलं' असा प्रोजेक्ट दिलाय. माझे सासरे १९६८ च्या नोव्हेंबरात आले, खिशात आठ डॉलर, अंगात मामाने शिवून घेतलेला कोट, ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झालीये की लेकीला तोंडपाठ आहे. तिने ती झरझर लिहून काढली आणि रात्री जेवताना विचारलं, आजोबांचे मोठे भाऊ पण इंजिनियर होते ना, आजोबाच म्हणतात ते त्यांच्यापेक्षा हुशार होते, मग ते १९५८ ला का नाही आले?

सासरे म्हणाले तेव्हा कोणी जात नसे गं. मी पण मान डोलावली. पण ते मनातून जाईना म्हणून वाचायला बसले आणि दोन आठवडे झाले, त्या दशकातून बाहेरच येता येत नाहीये. ग्रीन्सबरोच्या दुकानात गोऱ्यांच्या काउंटरवर कॉफी मागून शांत बसून राहिलेली चार काळी पोरं (१ फेब्रुवारी १९६०), बर्मिंगहॅमला शाळकरी मुलांवर सोडलेले पोलिसी कुत्रे आणि बंबाचं पाणी, केनेडी, माल्कम एक्स, मार्टिन ल्यूथर किंग, परत एक केनेडी असे एकामागून एक खून, व्हिएतनाम, चंद्र. एवढं सगळं दहा वर्षांत. आणि याच्या बरोब्बर मधे, ३ ऑक्टोबर १९६५ ला, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी बसून अध्यक्ष जॉन्सनने सही केलेला एक कायदा, ज्याच्यामुळे आमचं घर इथे आहे.

तर मला दोन गोष्टी विचारायच्यात. त्या दशकाने खरोखर काय बदललं असं तुम्हाला वाटतं? आणि आपण आपल्या मुलांना आपली गोष्ट सांगताना यातलं काही सांगतो का?

जुना_मुंबईकर

मी तेव्हा गिरगावात, शाळेत. आमच्यासाठी अमेरिका म्हणजे रेशनच्या रांगेतला पीएल ४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या धान्यमदतीचा, तांबडा गहू (आई त्या पोळ्यांना कायम नावं ठेवायची) आणि केनेडींचा फोटो. हो, फोटो! आमच्या चाळीत दोन घरांत गांधी नेहरूंच्या शेजारी केनेडींचा फोटो होता, ते गेले त्या दिवशी शेजारच्या काकूंनी चूल पेटवली नव्हती. चंद्रावर उतरले ते रेडिओवर ऐकलं, टीव्ही मुंबईत १९७२ ला आला. आणि ऑक्टोबर १९६९ मधे ते तिघे अंतराळवीर मुंबईला आले तेव्हा बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं, मला फक्त माणसांची डोकी दिसली तरी मी शाळेत आठवडाभर सांगत होतो की मी आर्मस्ट्राँगला पाह्यलं.

सई, प्रश्न फार चांगला विचारलाय लेकीने. वाचतोय.

फ्रेमाँटकर

धागा चांगला आहे पण एक स्पष्ट बोलतो. आपले लोक इथे आले ते शिक्षणाच्या जोरावर. आयआयटी, व्हीजेटीआय, सीओईपी, ग्रँट मेडिकल. कोणी दया केली नाही. कायदा बदलला हे खरं, पण बदलला कारण अमेरिकेला डॉक्टर इंजिनियर हवे होते. माझ्या वडिलांनी दोन नोकऱ्या करून शिक्षण पूर्ण केलं, त्यांच्या कष्टाचं श्रेय आता मोर्च्यांना द्यायचं हे मला पटत नाही.

कायदा_वाचणारा

फ्रेमाँटकर, वडिलांच्या कष्टाबद्दल कोणाचंच दुमत नाही. पण सईच्या लेकीचा प्रश्न कष्टाचा नाहीये, तारखेचा आहे. १९५८ ला दार किती उघडं होतं ते बघा.

१९१७ च्या कायद्याने आशियाचा बहुतेक भाग बंदीच्या पट्ट्यात टाकला, त्यात हिंदुस्थान आला. १९२३ मधे सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सांगितलं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते बरं का! १९२४ च्या कायद्याने देशवार कोटे ठरवले, उत्तर आणि पश्चिम युरोपला भरघोस, बाकीच्यांना चिल्लर. २ जुलै १९४६ ला थोडी फट पडली, हिंदुस्थानला कोटा मिळाला, वर्षाला १०० माणसं. शंभर! चाळीस कोटींच्या देशातून. १९६० साली अख्ख्या अमेरिकेत भारतात जन्मलेले लोक होते साधारण १२ हजार.

सईचे चुलतसासरे कितीही हुशार असते तरी त्या शंभरात बसायला हवे होते.

आता १९६५. देशवार कोटे गेले, पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला २० हजारांपर्यंत व्हिसा, नातेवाईक आणि कौशल्य या दोन वाटांनी. आणि सई, ही गंमत बघ, जुने कोटे पूर्ण बंद झाले १ जुलै १९६८ ला. तुझे सासरे आले नोव्हेंबर १९६८ ला. पाच महिने!

या सगळ्यात एक माणूस मला फार आवडतो, ब्रुकलिनचा इमॅन्युएल सेलर. १९२४ चा कायदा आला तेव्हा हा नुकता निवडून आलेला, त्याने विरोध केला, हरला. मग ४१ वर्षं तिथेच पाय रोवून बसला. १९४६ च्या शंभरच्या कोट्याला त्याचं नाव, १९६५ च्या कायद्याला त्याचं नाव, आणि मधे १९६४ चा नागरी हक्क कायदा (रंगावरून भेदभावाला बंदी घालणारा) प्रतिनिधीगृहातून पार करताना न्यायिक समितीचा अध्यक्ष हाच. हा नागरी हक्क कायदा सही झाला तो पण २ जुलैलाच. त्यामुळे 'मोर्चे वेगळे आणि आपला व्हिसा वेगळा' असं म्हणता येत नाही. जन्मावरून माणसाची प्रत ठरवायची नाही हे एकदा हॉटेलाच्या दारात मान्य केलं की बंदराच्या दारात नाकारणं अवघड जातं.

फ्रेमाँटकर

मुद्दा समजला, पण शीतयुद्ध विसरताय. रशिया जगभर सांगत होता की बघा हे लोकशाहीवाले काळ्यांना कसं वागवतात. नव्या स्वतंत्र झालेल्या देशांचे राजदूत वॉशिंग्टनला येत होते आणि त्यांना हमरस्त्यावर कॉफी मिळत नव्हती. १९६१ ला चाडच्या राजदूताला मेरीलँडमधे रूट ४० वर असंच परत पाठवलं होतं. सरकारला लाज वाटली म्हणून कायदे झाले. नैतिकतेने नाही.

कायदा_वाचणारा

हे अगदी बरोबर, आणि आपलंही उदाहरण आहे. १९५५ मधे आपले राजदूत गगनविहारी मेहता यांना ह्यूस्टनच्या विमानतळावर गोऱ्यांच्या जागेतून उठून दुसरीकडे बसायला सांगितलं होतं, परराष्ट्रमंत्री डलेस यांनी माफी मागितली. पण १९५५ ला माफी मागून भागलं, १९६४ ला कायदा करावा लागला. मधे काय झालं? लाज सरकारला आपोआप वाटली नाही, ती रस्त्यावर बसून वाटायला लावली.

जुना_मुंबईकर

लोहियांचं पण आहे ना. मे १९६४, जॅक्सन, मिसिसिपी. गोऱ्यांच्या उपाहारगृहात धोतर नेसून गेले, अटक झाली. परराष्ट्र खात्याने दिलगिरी व्यक्त केली तर म्हणाले माझी कसली माफी मागता, त्या स्वातंत्र्यदेवीची मागा. कायदा व्हायला तेव्हा महिनाभर उरला होता.

विदर्भवासी

मंडळी, आता माझ्या गावाचं ऐका. तीन दिवस झाले लिहीन लिहीन म्हणतोय.

नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे, आमच्या घरातल्या तीन पिढ्या तिथे शिकल्या. १९५३ साली तिथे एक पंचविशीचा काळा अमेरिकन तरुण आला, जेम्स लॉसन. कोरियाच्या युद्धात भरती व्हायला नकार दिला म्हणून तुरुंगात जाऊन आलेला. मेथडिस्ट मिशनतर्फे आला, कॉलेजात शिकवायचा, पोरांना खेळ शिकवायचा आणि उरलेल्या वेळात एकच काम, गांधींचा सत्याग्रह समजून घेणं. ज्यांनी प्रत्यक्ष सत्याग्रह केले अशी माणसं तेव्हा हयात होती, वर्धा सेवाग्राम तर हाकेच्या अंतरावर. डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरीत बसवर बहिष्कार सुरू झाला त्याची बातमी या माणसाने नागपूरच्या पेपरात वाचली! विचार करा नं, किंग हे नाव त्याला पहिल्यांदा आमच्या नागपुरात बसून कळलं.

१९५६ ला तो परत गेला. १९५७ ला ओहायोत किंगची भेट झाली, लॉसन म्हणाला शिक्षण आटपलं की दक्षिणेत येईन म्हणतो, किंग म्हणाला आत्ताच ये, तुझ्यासारखं कोणी नाहीये आमच्याकडे. मग तो नॅशव्हिलला गेला आणि तिथे चर्चच्या तळघरात कॉलेजच्या पोरापोरींचे वर्ग सुरू केले. वर्ग म्हणजे भाषण नव्हे. खुर्च्या मांडायच्या, चार जणांना दुकानातल्या काउंटरवर बसल्यासारखं बसवायचं आणि बाकीच्यांनी त्यांना शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, धक्के मारून खुर्चीवरून पाडायचं. पडलं की डोकं कसं वाचवायचं, शेजारच्यावर मार पडत असेल तर मधे कसं जायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यात कसं बघायचं, हे सगळं शिकवायचं. कोणाला आपला राग आवरणार नाही असं वाटलं तर त्याने दुकानात जायचं नाही, बाहेरचं काम करायचं. त्या तळघरात कोण होतं? डायन नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफाएट. पुढच्या आठ वर्षांत जिथे जिथे काही घडलं तिथे ही नावं दिसतात.

१३ फेब्रुवारी १९६० ला ही पोरं नॅशव्हिलच्या दुकानांत जाऊन बसली. मार खाल्ला, अटक झाली, एकाची शिक्षा झाली की पुढची तुकडी तयार. लॉसनला विद्यापीठाने काढून टाकलं. १९ एप्रिलला त्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला, त्याच दिवशी हजारो लोक गप्प चालत महापौरापर्यंत गेले, कोणी घोषणा देईना, नुसता पावलांचा आवाज. आणि डायन नॅशने, वय २१ की २२, महापौराला सगळ्यांसमोर साधा प्रश्न विचारला, माणसाच्या रंगावरून त्याला वेगळं वागवणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? तो हो म्हणाला. १० मे ला काउंटर उघडले.

आता शेवट बघा. १९६८, मेम्फिस. पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत बसलेले दोन सफाई कामगार गाडीचं यंत्र अचानक चालू होऊन चिरडले गेले. १३०० सफाई कामगार संपावर गेले, गळ्यात पाट्या, 'मी माणूस आहे'. तेव्हा मेम्फिसच्या चर्चमधे पाद्री होता हाच लॉसन, त्यानेच किंगला तिथे बोलावलं. ४ एप्रिलला किंगचा तिथेच खून झाला. लॉसन जगला ९५ वर्षं, २०२४ च्या जूनमधे वारला.

मी हिस्लॉपमधे तीन वर्षं काढली. एकाही सरांनी हे नाव घेतलं नाही. मला हे कळलं वयाच्या ४८ व्या वर्षी. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिखटमीठ

काटा आला अंगावर. वाखूसा (वाचनखूण साठवली).

रेवा_नाशिक

'एकाची शिक्षा झाली की पुढची तुकडी तयार' हे वाचून मला आमच्या आजीने सांगितलेलं १९३० चं आठवलं, काळाराम मंदिराचा सत्याग्रह. तिथेही असंच, रोज तुकड्या जायच्या.

निळाई

रेवाताईंनी काळाराम काढलंच आहे तर मीही लिहिते. विदर्भवासी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मीही नागपूरची, इंदोऱ्याची. ज्या वर्षी लॉसन नागपूर सोडून गेले त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली. माझे आजोबा पांढरे कपडे घालून तिथे होते. एकाच गावातून एकाच वर्षात किती मोठ्या दोन गोष्टी निघाल्या.

पण धाग्यात सगळा प्रवास गांधींकडूनच गेलाय तर दुसरी वाटही सांगते. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले, हार्लेम त्यांच्या विद्यापीठाला लागूनच. १९४६ ला त्यांनी काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं, काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता त्याची प्रत मागितली, आणि अस्पृश्यांची आणि त्यांची परिस्थिती किती सारखी आहे ते लिहिलं. डु बॉइसचं उत्तरही आलं. मग ऑक्टोबर १९६६ ला ओकलंडमधे ब्लॅक पँथर निघाली. पोरांना शाळेआधी मोफत नाश्ता, दवाखाने, आणि पोलिसांच्या गाडीमागे कायद्याचं पुस्तक आणि बंदूक घेऊन फिरणं. १९७२ ला मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर काढली तेव्हा नाव तिथून घेतलं. आमच्या वस्तीत पँथर म्हणजे काय हे अमेरिकेचा नकाशा माहीत नसलेल्यांनाही माहीत होतं.

फ्रेमाँटकर, तुम्ही ज्या कॉलेजांची नावं घेतलीत ना, १९६८ ला त्यात माझ्या वस्तीतली किती पोरं होती? कायद्याने इकडचं दार उघडलं, पण दारापर्यंत पोचायला आधी गावातलं दार उघडं लागत होतं. तुमच्या वडिलांचे कष्ट खरेच आहेत. त्यांच्याइतकेच कष्ट केलेला माणूस माझ्याही घरात होता, तो इंदोऱ्यातच राहिला. हे भांडायला म्हणून लिहीत नाहीये, सईच्या लेकीच्या प्रश्नाला जोडून लिहितेय. कोण कधी का नाही आलं हे विचारायचं तर हेही विचारा.

मुसाफिर

सगळे छान छान लिहितायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझे काका डेट्रॉइटला शिकायला होते, जुलै १९६७. पाच दिवस शहर जळत होतं, ४३ माणसं मेली, रस्त्यावर रणगाडे, विमानातून उतरवलेले सैनिक. काका आणि दोन गुजराती मित्र खिडकीखाली जमिनीवर झोपत होते, तीन दिवस खिचडी आणि लोणच्यावर काढले. त्याआधी १९६५ ला लॉस एंजेलिसच्या वॉट्समधे ३४ मेले होते. आणि ध्यानात घ्या, वॉट्स पेटलं ते मतदान हक्क कायद्यावर सही झाल्यावर पाचव्या दिवशी! काका शेवटपर्यंत म्हणायचे की साठच्या दशकाने या देशाची शिस्त मोडली, घरं मोडली, शहरं मोडली. आणि हे वाटणारे लोक थोडे नव्हते. १९६८ ला काळे गोरे वेगळेच ठेवा म्हणणाऱ्या वॉलेससारख्या माणसाला साडेतेरा टक्के मतं आणि पाच राज्यं मिळाली, निक्सन अध्यक्ष झाला. हिप्पी आणि वुडस्टॉकचे फोटो बघून आपल्याला वाटतं सगळा देश तसा होता. नव्हता.

कायदा_वाचणारा

मुसाफिर, काकांचं म्हणणं मी धुडकावणार नाही, त्यांनी ते भोगलंय. पण वॉट्सबद्दल तुम्हीच दिलेल्या तारखेत उत्तर आहे. मतदान हक्क कायदा दक्षिणेसाठी होता. मिसिसिपीत १९६५ आधी काळ्या प्रौढांपैकी जेमतेम ७ टक्के मतदार यादीत होते, १९६७ पर्यंत जवळपास ६० टक्के. दोन वर्षांत! मला विचाराल तर त्या दशकातली सगळ्यात मोठी गोष्ट ती. पण लॉस एंजेलिस नि डेट्रॉइटच्या माणसाला मत होतंच, त्याला घर मिळत नव्हतं, बँक कर्ज देत नव्हती, पोलीस रोज अडवत होते. घरांचा कायदा आला तो किंग गेल्यावर आठवड्याने, ११ एप्रिल १९६८ ला, आणि त्याला दात फार कमी होते.

रेवा_नाशिक

बायकांचं कोणीच लिहिलं नाही अजून. १९६० ला गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळाली. १९६३ ला समान कामाला समान पगाराचा कायदा. १९६४ च्या कायद्यात नोकरीतल्या भेदभावाच्या कलमात 'लिंग' हा शब्द आला तो व्हर्जिनियाच्या हॉवर्ड स्मिथने घातलेल्या दुरुस्तीने, आणि हे गृहस्थ मूळ कायद्याचे कट्टर विरोधक! पण शब्द एकदा कागदावर आला आणि बायकांनी तो धरून ठेवला. तेव्हा पेपरात नोकरीच्या जाहिराती 'पुरुष पाहिजेत' आणि 'स्त्रिया पाहिजेत' अशा वेगवेगळ्या रकान्यांत यायच्या.

आणि चळवळीच्या आत काय होतं? २८ ऑगस्ट १९६३, वॉशिंग्टनला अडीच लाख लोक. मुख्य भाषणं सगळी पुरुषांची. बायकांच्या वतीने डेझी बेट्स मिनिटभर बोलल्या. चळवळीत पुढे बायका होत्या हे विदर्भवासींनी लिहिलंच आहे, माइकपाशी मात्र नव्हत्या. आणि सेलरसाहेबांबद्दल पण सांगते, स्त्रियांच्या समान हक्काच्या घटनादुरुस्तीला त्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, आणि १९७२ ला त्यांना हरवलं ते एलिझाबेथ होल्ट्झमन या तिशीतल्या बाईने.

कायदा_वाचणारा

हे मी लिहायला हवं होतं. धन्यवाद रेवाताई.

सांख्यिक

अवांतर आहे पण राहवत नाही, मी स्टॅटिस्टिक्स शिकवतो. १ डिसेंबर १९६९, व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात सक्तीच्या भरतीची लॉटरी. ३६६ निळ्या कुप्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख, काचेच्या भांड्यात. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या दिवशी जन्मलेल्या पात्र मुलांना सगळ्यात आधी बोलावणं. टीव्हीवर थेट चालू होतं, वसतिगृहांत पोरं रांगेने बसून ऐकत होती. आता यात चूक अशी झाली की कुप्या महिन्यामहिन्याने ओतल्या आणि नीट ढवळल्याच नाहीत, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा जास्त करून लवकर निघाल्या. डिसेंबरात जन्मलेल्यांचं नशीब खरोखर वाईट होतं! दर वर्षी वर्गात मी हा आकड्यांचा तक्ता फळ्यावर काढतो आणि मुलांना आपापली जन्मतारीख शोधायला सांगतो. वर्ग एकदम शांत होतो. माझा नंबर आला असता ४१.

अजून एक, ग्रीन कार्डवाल्या तरुणांनाही नाव नोंदवावं लागायचं आणि बोलावणं येऊ शकायचं. विद्यार्थी व्हिसावाले सुटायचे.

तिखटमीठ

मी शोधला. २४ डिसेंबर. नंबर ९५ होता. आता झोप नाही येणार.

व्हॅलीतला

मी कॅलिफोर्नियात डेलानोपासून तासाभरावर राहतो. द्राक्षं बघितली की नाशिक आठवतं, रेवाताई. ८ सप्टेंबर १९६५ ला इथे द्राक्षमजुरांचा संप सुरू झाला, तो सुरू केला फिलिपिनो मजुरांनी, पुढारी लॅरी इटलिआँग. आठवड्याने सेझार चावेझ आणि त्यांचे मेक्सिकन मजूर आले. पुढाऱ्यांत चावेझचं नाव राहिलं, फिलिपिनो म्हातारे विसरले गेले. पाच वर्षं चालला संप! देशभर लोकांनी द्राक्षं खाणं सोडलं, तेव्हा १९७० ला मळेवाल्यांनी करार केले.

आणि १९६५ चा कायदा आपल्याला दार उघडत होता तेव्हाच या लोकांचं दार अरुंद करत होता हे पण लिहून ठेवतो. पश्चिम गोलार्धावर तोवर आकड्याची मर्यादा नव्हती, या कायद्याने पहिल्यांदा १ लाख २० हजारांची घातली. त्याच्या आदल्या वर्षाअखेर मेक्सिकन हंगामी मजुरांची योजना बंद केली होती. मजूर तेवढेच हवे होते, कागद मिळेनासे झाले. माझ्याकडे काम करणाऱ्या माणसाचे आजोबा कागद घेऊन आले होते, त्याच्याकडे नाहीत.

आज्जी८१

मी टाइप करायला हळू आहे, नात मदत करतेय. आम्ही दोघं डॉक्टर, १९७० साली आलो. पुष्कळ अमेरिकन तरुण डॉक्टर व्हिएतनामला गेलेले आणि १९६५ च्या मेडिकेअरमुळे (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा) म्हातारी माणसं मोठ्या संख्येने इस्पितळात येऊ लागलेली, डॉक्टर पुरत नव्हते, म्हणून आम्हाला बोलावलं हे फ्रेमाँटकर म्हणतात ते खरंच आहे.

पण एक सांगते. माझ्या वॉर्डात एक वयस्कर काळी नर्स होती, मला सलाइन लावायला खरं शिकवलं तिने. एकदा रात्रपाळीत ती मला तळघरात घेऊन गेली, तिथे आता जुनी कपाटं ठेवली होती. म्हणाली, चार वर्षांपूर्वीपर्यंत आमचा वॉर्ड इथे होता, याच भिंतीच्या पाइपाखाली माझ्या आईने जीव सोडला. मेडिकेअरचे पैसे हवे असतील तर वेगळे वॉर्ड ठेवायचे नाहीत अशी सरकारची अट होती, म्हणून १९६६ मधे काही महिन्यांत देशभर इस्पितळांनी भिंती काढल्या. जे शंभर वर्षांत झालं नाही ते तेव्हा झालं. सईबाई, काय बदललं विचारलंत ना, मी स्वतः ते तळघर पाहिलंय.

सई_अंगणातली

आज्जी, तुमचा प्रतिसाद मी आणि लेकीने एकत्र वाचला. मग काल रात्री आम्ही सासऱ्यांना सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला, दीड तास लागला. विदर्भवासींचं आणि निळाईचं त्यांनी परत वाचायला लावलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग जे सांगितलं ते आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. त्यांची पहिली नोकरी साउथ कॅरोलायनात होती हे माहीत होतं. पोचल्यावर दुसऱ्या आठवड्यात केस कापायला गेले. न्हावी म्हणाला आम्ही तुमचे कापत नाही. यांना वाटलं आपलं इंग्रजी कळलं नसेल, म्हणून परत सांगितलं. मग दुकानातले बाकीचे लोक वळून बघायला लागले तेव्हा कळलं. ऑफिसात त्या दिवशी कोणाला काही बोलले नाहीत, पण त्यांच्या खात्यात ड्राफ्टिंगला एक काळे गृहस्थ होते, त्यांनी केसांकडे बघून ओळखलं. शनिवारी गाडी घेऊन घरी आले आणि आपल्या न्हाव्याकडे घेऊन गेले. त्या न्हाव्याने असे केस कधी कापले नव्हते, फार वेळ लागला, पण पैसे घेतले नाहीत. त्या गृहस्थांचा पुतण्या ऑरेंजबर्गला कॉलेजात होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथे पोलिसांनी गोळीबार करून तीन विद्यार्थी मारले होते, बोलिंगच्या जागेत काळ्यांना प्रवेश मिळावा म्हणून निदर्शनं चालू होती. हे सगळं गाडीत, जाता जाता सांगितलं त्यांनी.

मी विचारलं बाबा, पन्नास वर्षं तुम्ही कोटाची गोष्ट सांगताय, ही का नाही सांगितली? म्हणाले, आईला पत्रात कसं लिहिणार होतो. आणि एकदा नाही लिहिलं की मग राहूनच गेलं.

कायदा_वाचणारा

सई, तो न्हावी १९६४ चा कायदा मोडत नव्हता हे सांगायला मला त्रास होतोय. १९६४ च्या कायद्यात हॉटेलं, खानावळी, थिएटरं आली, सुटं न्हाव्याचं दुकान आलं नाही.

विदर्भवासी

बाबांना माझा नमस्कार सांगा. मी हिस्लॉपच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लॉसनबद्दल टाकलंय. ग्रंथालयात त्या वर्षांची कॉलेजची मासिकं असतील तर सोमवारी जाऊन बघतो, एखादा फोटो सापडला तर इथे डकवतो.

निळाई

विदर्भवासी, सोमवारी मीही येते.

फ्रेमाँटकर

माझे वडील १९७१ ला आले, जॉर्जियात. आता नाहीत. त्यांनीही कधी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सई, त्या ड्राफ्टिंगवाल्या गृहस्थांचं नाव आठवतंय का बाबांना?

सई_अंगणातली

आठवतंय. स्पेलिंगसकट. लेकीने वहीत लिहून घेतलं, आणि प्रोजेक्टची सुरुवात खोडून आता ती त्या शनिवारपासून लिहितेय.